नव्या मशीनच्या अंगात जुनं मशीन

चपला बाहेर काढून आत शिरावं लागे अशा खोलीत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. देऊळ नव्हतं ते. पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याची कॉम्प्युटर रूम होती. कारखान्यात बाकी सगळीकडे तेल, घाम आणि लोखंडाचा कीस. आमच्या खोलीत मात्र भर मे महिन्यात अंगात स्वेटर. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून चपला बाहेर आणि गरमीनं बिघडतं म्हणून वातानुकूलन. माणसं धुळीनं आणि गरमीनं बिघडत नाहीत असा त्या वेळी समज होता, त्यामुळे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे पत्रा दाबून सुटे भाग काढतात तिथे, साधे पंखेही धड नव्हते.

खोलीला एका बाजूनं पूर्ण काच होती. परदेशी पाहुण्यांना मशीन दाखवता यावं म्हणून ती बसवली होती. पाहुणे वर्षातून एकदा यायचे. बाकीचे दिवस जेवणाच्या सुट्टीत कामगार त्या काचेशी उभे राहून आम्हाला बघायचे. प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना कसं वाटत असेल ते मला तेव्हापासून नीट कळतं.

मी तिथे पंच ऑपरेटर म्हणून लागले आणि पुढे कॉम्प्युटर ऑपरेटर झाले. पोस्टकार्डाहून लांबट असं जाड कागदाचं कार्ड, त्यावर टाइपरायटरसारख्या यंत्रानं भोकं पाडायची, आणि ती भोकं मशीननं वाचायची, असा तो जमाना. एका कार्डावर एक ओळ मावे. चारशे ओळींचा प्रोग्राम म्हणजे चारशे कार्डांचा गठ्ठा. तो हातातून पडला की ऑपरेटर जमिनीवर बसून रडायची. मी दोनदा रडले आहे. वाया गेलेली कार्डं आम्ही घरी न्यायचो. पिंपरी कॅम्पातल्या वाण्यांकडे त्या काळी निम्म्या याद्या आमच्या कार्डांच्या पाठीवर लिहिलेल्या असत.

काचेपलीकडचे लोक काय काय मागायचे त्याची मजा सांगण्यासारखी आहे. कँटीनच्या मुकादमानं मुलीची पत्रिका आणून दिली होती, तुमच्या मशीनमध्ये घालून स्थळ बघा म्हणून. मी म्हटलं, मामा, हे मशीन आम्हाला नटबोल्टांचा हिशेब नीट देत नाही, जावई कुठून देणार? त्यांना ते पटलं नाही. मला ते काम येत नाही असं त्यांचं मत झालं आणि पुढचे सहा महिने माझ्या ताटात भाजी कमी पडली.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची.

आमचं जुनं मशीन त्याआधी दोन वर्षं मोडीत गेलं होतं आणि नवं आलं होतं. नवं चपळ होतं, मोठं होतं, फक्त त्याला जुन्याची भाषा येत नव्हती. आमचे हजेरीचे, गोदामाचे सगळे प्रोग्राम जुन्याच्या भाषेत लिहिलेले. ते पुन्हा लिहायचे तर पाचसहा वर्षं गेली असती. म्हणून मशीन देणाऱ्या कंपनीनं एक युक्ती दिली होती. एक खास प्रोग्राम सुरू केला की नवं मशीन तेवढ्यापुरतं जुनं असल्यासारखं वागे. जुन्याची कार्डं वाचे, जुन्याच्या सूचना पाळे, इतकंच काय, जुनं जिथे अडखळत असे तिथे अडखळेही. खोलीत जुन्याचा एक स्क्रूसुद्धा उरला नव्हता, पण त्या प्रोग्रामांच्या लेखी ते जिवंत होतं. आम्ही त्याला 'म्हातारा' म्हणत असू. आता असल्या प्रकाराला मोठी इंग्रजी नावं आहेत आणि तरुण इंजिनियर त्यावर लाखोंच्या नोकऱ्या करतात. आम्ही म्हाताऱ्यावर भागवलं.

हे सगळं मी एकदा ज्ञानोबाला समजावलं होतं. ज्ञानोबा कुरुळीचा. प्रेस शॉपमध्ये टेंपररी कामगार होता आणि सायकलवरून रोज यायचा-जायचा. दुपारी भाकरी खाऊन झाली की काचेशी येऊन उभा. इतर लोक दिवे बघायचे, हा आमचे हात बघायचा. दारातून डोकं घालून त्यानं विचारलं, "बाई, जुनं मशीन तर भंगारात गेलं. मग आमची हजरी त्येच्यावरच कशी काय निघती?"

मी सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी नव्याच्या अंगात जुनं येतं म्हना की."

मी त्यानंतर कितीतरी शहाण्या माणसांना हा विषय शिकवला, पण याहून सोपं मला सांगता आलेलं नाही.

त्या वर्षी युनियन आणि कंपनीत करार ठरला होता. ठरलेल्या तारखेपर्यंत ज्या टेंपररी कामगाराचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले असतील त्याला कायम करायचं. बाहेरच्या वाचकाला या आकड्याची धार कळणार नाही. दोनशे चाळीस भरले की माणूस कायम व्हायला पात्र, म्हणून बऱ्याच ठिकाणी दोनशे पस्तिसाव्या दिवशी 'ब्रेक' देऊन त्याला घरी बसवत आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी. अशी सहासहा, सातसात वर्षं पहिल्या दिवसापासून मोजत आलेली माणसं आमच्याकडे होती. ज्ञानोबा त्यांपैकी एक. त्या वर्षी कराराची बोलणी चालू असल्यानं ब्रेक थांबले होते.

यादी शनिवारी दुपारी पर्सोनेल खात्याकडे जायची होती. मशीनची यादी मिळाली नाही तर फोरमन लोकांच्या वह्यांवरून हातानं यादी करायची, असंही करारात एक कलम होतं. मला ते कलम तेव्हा निरुपद्रवी वाटलं होतं.

त्या सोमवारी आमच्याकडे मशीनच्या मुख्य कारभारी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे आज शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तेव्हा तो शब्द आमच्या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. आमचे साहेब पेंडसे यांनी स्वतः ती चढवली. पेंडसे साहेब म्हणजे अत्यंत नेटका माणूस. पेन्सिलीलाही टोपण घालणारा. नवं सगळं छान सुरू झालं. डिस्कवर ठेवलेले नव्या पद्धतीचे प्रोग्राम बिनतक्रार चालले. मग मी हजेरीचा गठ्ठा लावून म्हाताऱ्याला उठवलं, आणि तो उठेना. मशीनच्या टाइपरायटरवर एक ओळ उमटली: पहिलीच सूचना अर्थहीन आहे, थांबलो.

गोदामाचा गठ्ठा लावला, तेच. जुना एकही गठ्ठा चालेना.

"साहेब, जुनी आवृत्ती परत चढवू या," मी म्हटलं.

पेंडसे साहेब चष्मा पुसायला लागले. तो त्यांचा वाईट बातमीचा चष्मा. "साळवेबाई, ती फीत मी सकाळीच पुसून गोदामाच्या कामाला दिली."

टेपरेकॉर्डरच्या मोठ्या रिळांसारख्या त्या चुंबकीय फिती परदेशातून यायच्या, त्यांना परवाना लागायचा, कोरी फीत मिळणं म्हणजे लॉटरी. म्हणून काम झालेली फीत त्याच दिवशी पुसून वापरायची ही आमची शिस्त होती, आणि तिचा आम्हाला अभिमान होता. म्हणजे मागे जायची वाट आम्ही स्वतःच्या हातानं आणि नेटकेपणानं बुजवली होती.

मंगळवारी मुंबईहून कंपनीचा इंजिनियर आला, मेनन. हुशार, पण पहिल्याच मिनिटाला त्यानं हद्द आखून दिली: "मॅडम, कार्ड आपके, मशीन हमारी." बुधवारचा अख्खा दिवस तो म्हाताऱ्याच्या प्रोग्रामात डोकं घालून बसला. त्या काळी कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबता येत नसे. साडेसहाला सायरन झाला की वॉचमन मला बाहेर काढी, आणि मी पिंपरीच्या बसमध्ये उभी राहून कार्डं मोजत घरी जाई. वडील विचारायचे, "झालं का गं?" त्यांनाही फॅक्टरीतली वीस वर्षं अंगवळणी पडलेली, कायम होणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

बुधवारी दुपारी ज्ञानोबा काचेशी आला तो नुसता उभा राहिला नाही. दार ढकलून म्हणाला, "बाई, मशीन उठलं का?"

"नाही अजून."

"शनिवारपत्तुर न्हाई उठलं तर वह्या बघनार म्हंत्यात."

"हो. पण वहीतही तेच दिवस असतील ना तुझे?"

तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "फोरमनच्या घराचं काम चालू हाय चिखलीला. रव्वारी समदी इटा वाहाया गेली. म्या न्हाई गेलो. रोज आठ कोस सायकल मारून, आठवड्यात एक दिस घरच्या रानात जातो म्या. त्याच म्हयन्यात वहीत माझं चार दिस गैरहजर पडलं. सात वरसं झाली, बाई. आता बी न्हाई झालं तर म्हातारी म्हनती, ऱ्हाऊ दे, घरीच ये."

त्याच्या गेट-कार्डावरून हजेरी पंच केली होती ती मी. ते चार दिवस तो आला होता, हे माझ्या फितीवर लिहिलेलं होतं. पण ती फीत फक्त म्हाताऱ्यालाच वाचता येत होती. त्या क्षणापासून ते मशीन बिघडणं माझ्या कामापुरतं राहिलं नाही. 

गुरुवारी मेननसाठी मुंबईहून एक छोटा तपासणीचा गठ्ठा आला. त्यानं तो लावला आणि म्हातारा ताडकन उठला. मेननला इतका आनंद झाला की त्यानं आम्हाला चहा पाजला. "मशीन ठीक है, मॅडम. अब आप अपने कार्ड देखिए."

म्हणजे दोष आमच्या गठ्ठ्यात. पण तेच गठ्ठे मागच्या शुक्रवारपर्यंत चालत होते. कार्डांना बुरशी लागली काय तीन दिवसांत? शुक्रवारी सकाळी मी आणि पेंडसे साहेब हजेरीचा गठ्ठा आणि त्याची छापील प्रत घेऊन बसलो. मी एकेक कार्ड उचलून मोठ्यानं वाचायचं, साहेबांनी प्रतीवर खूण करायची. चारशेच्या वर कार्डं. एक फेरी झाली, सगळं जुळलं. दुसरी झाली. साहेब म्हणाले, "अदलाबदल करू, मी वाचतो." तिसरीही जुळली. एका टिंबाचा फरक नाही.

चौथ्यांदा मी वाचायला घेतलं तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. ज्ञानोबा काचेशी होता. त्या दिवशी त्यानं भाकरीचं फडकंही सोडलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं काचेवर बोटानं टकटक केलं. साहेबांनी त्रासून पाहिलं. मी दार उघडलं.

"बाई, राग मानू नगा. पर तुमी पैलं कार्ड सोडताय."

"कुठलं पहिलं?"

"गड्डीवरचं. तुमी उचलताय, पालथं घालताय, आन् मग दुसऱ्यापासनं वाचताय. मगाशी पानी प्याया आलो तवा सायब वाचत व्हते, त्यांनी बी तसंच केलं. आमाला पीस मोजायची सवं हाय. पैला पीस बाजूला काढला तर आमचा फोरमन इचारतो, त्यात काय खोट हाय म्हनून."

मी मागे वळून टेबलाकडे पाहिलं. पालथं पडलेलं ते कार्ड तिथे होतं.

आता यातली गोम सांगते. आमच्या खात्यात प्रत्येक गठ्ठ्याच्या आरंभी एक 'श्री'चं कार्ड असे. त्यावर इंग्रजी लिपीत तेवढाच एक शब्द पंच केलेला. ही पेंडसे साहेबांची रीत. कागदावर लिहिताना माथ्यावर श्री लिहितो, मग प्रोग्रामनं काय पाप केलं? जुन्या मशीनवर आम्ही एक बटण दाबून ते कार्ड रिकामंच पुढे सरकवत असू आणि मग काम सुरू करत असू. नवं मशीन आलं तेव्हा आम्ही गठ्ठे जसेच्या तसे लावले. त्याचा कारभारी उदार होता. अनोळखी कार्ड दिसलं की ते गुपचूप गाळायचा आणि पुढची म्हाताऱ्याच्या हाती द्यायचा. आम्हाला कधी कळलंही नाही. नवी आवृत्ती होती काटेकोर. जे आलं ते जसंच्या तसं आत. त्यामुळे म्हाताऱ्यानं डोळे उघडल्यावर पहिला हुकूम म्हणून श्री वाचला, त्याला तो हुकूम माहीत नव्हता, आणि तो प्रामाणिकपणे थांबला.

चूक साधी होती, पण आम्ही चार दिवस ती का बघितली नाही? कारण श्री कुणी वाचत नाही. पत्र मोठ्यानं वाचून दाखवतानाही आपण 'श्री' म्हणून सुरुवात करत नाही. डोळा आपोआप खालच्या ओळीवर जातो. ते लिखाणाचा भाग नसतंच. छापील प्रतीतही आम्ही ते घेतलं नव्हतं. मेननसारख्या परक्या माणसानं गठ्ठा हातात घेतला असता तर त्याला ते पहिल्या मिनिटात दिसलं असतं, पण कार्डं आमची होती.

मला तर जास्तच लाज वाटली. आमच्या घरी बुद्धवंदना होते, चिठ्ठीचपाटीवर श्री लिहायची पद्धत नाही. नोकरी लागली त्या आठवड्यात साहेबांनी ते कार्ड पंच करायला सांगितलं तेव्हा मी क्षणभर घुटमळले होते. मग म्हटलं, ऑफिसची रीत आहे, एका कार्डानं काय होतंय? दहा वर्षांत मी स्वतःच्या हातानं अशी शेकड्यांनी कार्डं पाडली. निदान मला तरी ते दिसायला हवं होतं. सवय कशी माणसाला बेमालूम आपल्यात घेते पाहा.

मी ते कार्ड बाजूला ठेवून गठ्ठा लावला आणि बटण दाबलं. टाइपरायटर खडखडला, फीत फिरायला लागली, म्हातारा कामाला लागला. मेनन जागेवरून उठून आला. "क्या किया आपने?"

"एक कार्ड निकाला," मी म्हटलं.

पेंडसे साहेब टेबलापाशी आले. त्यांनी ते कार्ड उचललं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि लॉगबुकात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोष माझ्या सूचनेनुसार लावलेल्या पहिल्या कार्डात होता, प्रेस शॉपच्या कामगारानं तो दाखवला. खाली सही. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला असं लिहिताना मी पुन्हा फारसं पाहिलं नाही. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी श्री पेनानं गठ्ठ्याच्या खोक्यावर लिहायला सुरुवात केली. मशीनला त्याचं काही नव्हतं.

यादी छापून झाली तेव्हा ज्ञानोबा पुन्हा कामावर गेला होता. साडेचारला शिफ्ट सुटल्यावर तो आला. सही व्हायच्या आधी यादी खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही असा नियम होता. मी कागद हातात धरून दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. एरवी दार उघडं राहिलं की थंडावा जातो म्हणून साहेब ओरडत. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

"दोनशे बेचाळीस," मी म्हटलं. "भरले तुझे. दोन जास्त."

त्यानं कागदाकडे पाहिलं. सगळं इंग्रजीत. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं. त्यानं ते नाव नीट बघून घेतलं, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"प्रेस शॉपची बाकीची वाचा," तो म्हणाला.

मी वाचत गेले. प्रत्येक नाव तो हलकेच पुन्हा म्हणायचा. सोळा नावं झाली.

"विठ्ठल? माझ्या शेजारच्या प्रेसवरचा?"

मी दिवस न भरलेल्यांचा दुसरा कागद पाहिला. "दोनशे एकतीस. मधे आजारी होता ना."

"व्हय. कावीळ झालती." तो म्हणाला. "त्येला तुमी सांगू नगा. म्या सांगतो."

पुढचं मला वॉचमननं सांगितलं. ज्ञानोबा गेटवर सायकलला टेकून उभा राहिला आणि सोळाच्या सोळा नावं त्यानं यादीच्या क्रमानं म्हणून दाखवली, एकही न चुकता. लोकांनी त्याला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मग विठ्ठल बाहेर आला तेव्हा हा गर्दीतून निघाला, आणि सायकल हातात धरून त्याच्याबरोबर मोशीच्या रस्त्याला चालत गेला. विठ्ठलकडे सायकल नव्हती.

शनिवारी सह्या झाल्या. सोमवारी नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा प्रेस शॉपमधलं कुणीच ती वाचायला थांबलं नाही, नावं त्यांना आधीच माहीत होती.

मला वाटलं, आता ज्ञानोबा काचेशी कशाला येतोय? कायम झालेल्या माणसाला आमच्याकडे काय काम? पण तो येतच राहिला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, भाकरी खाऊन. दारातून डोकं घालून विचारायचा, "बाई, इठ्ठलचं किती झालं?" विठ्ठलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि मी म्हाताऱ्याला उठवून ती बघून ठेवलेली असायची. साठ. एकशे तेरा. एकशे नव्वद. मधेच ब्रेक देतील अशी मला धास्ती होती. त्यालाही असणार, कारण एका महिन्यात त्यानं दोनदा विचारलं.

दिवाळीच्या थोडं आधी तो आला तेव्हा साहेबांकडे पाहुणे होते आणि दार उघडायची सोय नव्हती. मी एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर जाड पेननं मराठीत २४१ लिहिलं आणि काचेला लावलं. ज्ञानोबानं एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग मागे वळून त्यानं कुणाला तरी हाक मारली. खांबाच्या आडून विठ्ठल पुढे आला. इतके महिने तो तिथेच उभा राहत होता, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"वाच," ज्ञानोबा त्याला म्हणाला. काचेतून आवाज येत नव्हता, पण मला कळलं.